सरदार, कप्तान आणि एक तलंग

घाटकोपरच्या पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरउतारावर पत्र्याच्या छपरांची एक बैठी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत विमला घाडी राहायची. खोली शेवटची, म्हणून डोंगराच्या बाजूला थोडी ओबडधोबड मोकळी जागा तिच्या वाट्याला आली होती. शिलाई मशीन दारातच असल्यामुळे चाळीत येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्या नजरेखालून जायचं. त्यातलं तिला पसंत पडलेलं माणूस शोधायचं म्हटलं तर दिवस गेला असता.

तोंड तिचं लहानपणापासून असंच. कणकवलीकडच्या तिच्या गावातले मास्तर म्हणायचे, "या पोरीला नापास करायचं म्हटलं तरी भीती वाटते." सातवीनंतर शाळा सुटली आणि थोड्याच वर्षांत गुणाजी घाडी तिला बघायला आला. तो मुंबईला गिरणीत मागावर साचेवाला होता. गावातली बाकीची माणसं अनवाणी, आणि हा चकचकीत बूट घालून. पायवाटेची लाल माती बुटांवर बसली, तेव्हा त्याने विमलाच्या बापाकडे फडकं मागितलं. फडकं घेऊन विमलाच बाहेर आली. "तेव्हाच ओळखायला हवं होतं," हे वाक्य पुढे तिने इतक्या वेळा म्हटलं की त्यांची मुलगी अनुपमा लहान असताना ते खेळात म्हणायची.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली. पहिल्या वर्षी गुणाजी रोज मोर्चाला जायचा, त्याबद्दल विमला कधी वाकडं बोलली नाही. उलट भाकऱ्या बांधून द्यायची. पण मोर्चे थांबले, बरोबरचे लोक कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीची गाडी लावली, आणि गुणाजी मात्र दारातल्या दगडावर बसून "गिरण चालू होतली" म्हणत राहिला. तेव्हापासून विमलाने मशीन अंग मोडेपर्यंत चालवायला घेतलं. बाजारातल्या एका दुकानदारासाठी ती परकर शिवायची. अनुपमाचं लग्न त्याच परकरांवर झालं आणि ती चारकोपला सासरी गेली. गुणाजी दगडावरच होता.

कोंबड्या पाळायची कल्पना विमलाची. अंड्यांसाठी तिने एक कोंबडी ठेवली होती, म्हातारी, निमूट, आपलं काम करणारी. गुणाजीला ते पुरेसं वाटलं नाही. गावी गणपतीला गेला तेव्हा तो "आपल्याकडची खरी जात" म्हणून अंडी घेऊन आला, भुशात जपून, एसटीत मांडीवर डबा ठेवून. एवढं जपून त्याने अनुपमालाही कधी मांडीवर घेतलं नव्हतं. म्हातारीने ती अंडी उबवली. काही पिल्लं घारीने नेली, एक मांजराने. उरली त्यांत तीन कोंबडे निघाले आणि दोन माद्या.

"तीन बायकांक तीन घोव," विमला म्हणाली. "आता बघा तमाशा."

गुणाजीला त्यात तमाशा दिसला नाही, वैभव दिसलं. लाल-काळ्या, ताठ मानेच्या कोंबड्याचं नाव त्याने सरदार ठेवलं. दुसरा पांढऱ्या मानेचा, तो कप्तान. तिसऱ्याचा तुरा एका बाजूला पडलेला होता, चालही मवाळ होती. त्याला नाव ठेवावं असं गुणाजीला वाटलं नाही. माद्यांना नाव ठेवायचा तर प्रश्नच आला नाही. रोज सकाळी तो दगडावर बसून सरदारला मक्याचे दाणे टाकायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "चाल बघा. चाल!"

चाल सगळ्यांनीच बघितली. कोंबडे वयात आले तसा चाळीत दहशतवाद सुरू झाला. सरदार पायामागच्या काट्यासारख्या नखांनी पोटऱ्यांवर झेप घ्यायचा. पोस्टमन लांबूनच हाक मारून पत्र वाटेवरच्या दगडाखाली ठेवून जायला लागला. नळावर जाणाऱ्या बायका हंड्याबरोबर केरसुणी न्यायला लागल्या. विमला स्वतः अंगणात उतरताना एका हातात सूप धरायची, ढालीसारखं. शेजारची सुंदराबाई हे बघून पोट धरून हसायची. सुंदराबाई जालन्याकडची, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली, साकीनाक्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. चाळीत विमलाला पसंत पडलेली ती एकच, आणि तेही विमलाने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"विमल, दोन कापून टाक गं," सुंदराबाई म्हणायची. "एवढे कोंबडे कशाला पायजेत तुला?"

"मला कशाला पाहिजेत? आमच्याकडे त्यांना मान आहे. एक गावच्या राखणदाराला नवस बोललेला आहे, एक पाहुण्यांसाठी आहे, आणि एक नुसता चालतो."

गुणाजी कापायचं नाव काढू द्यायचा नाही. घरात आपल्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही हे त्याला कळत होतं, म्हणून जिथे किंमत होती तिथे त्याने पाय रोवले होते. विमलाला हेही कळत होतं. पण कळलं म्हणून कीव यायला हवी असं थोडंच असतं.

त्यानंतर एका रविवारी सकाळी ते झालं. दोन माद्यांपैकी तपकिरी तलंग, म्हणजे अजून एकही अंडं न दिलेली कोवळी कोंबडी, अंगणात दाणे टिपत होती. सरदार तिच्या पाठीवर चढला. ते बघून कप्तान धावला आणि त्याच्यावर चढला. दोघांची तिच्या अंगावरच जुंपली. विमला मशीनवरून उठून सूप घेऊन पोचेपर्यंत पिसांचा धुरळा उडाला होता. तिने दोघांना सुपाने झोडपून बाजूला केलं. तलंग उठली, दोन पावलं चालली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या पंखाखाली कुशीवरची कातडी उसवली होती. उसवली हाच शब्द विमलाच्या मनात आला. परकराची शिवण सुटून कापड लोंबावं तशी ती कातडी लोंबत होती, आणि आतलं गुलाबी मांस उघडं पडलं होतं.

गुणाजी दगडावरून उठून आला, वाकून बघितलं आणि हिशोबी माणसासारखी मान हलवली.

"ती काय आता जगाची नाय. बरा झाला, आज ऐतवार आसा. मसालो वाट."

विमलाने त्याच्याकडे बघितलं. मागे सरदार मान ताठ करून आरवत होता.

"ज्येनी फाडल्यानी ते भायर मिरवतत," ती म्हणाली, "आणि जी फाटली ती टोपात?"

"अगो, पण ती मरतली."

"मरूक देत. मरतली तेवा मरतली. तुमच्या ताटात मराची नाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत विमलाला त्या तलंगेबद्दल काडीचीही माया नव्हती. पुढच्या वर्षी तिने स्वतःच ती कापली असती. पण गुणाजी इतक्या सहजपणे मसाला वाटायला सांगून पुन्हा दगडावर जाऊन बसला की तिच्या डोक्यात सणक गेली. आता ही कोंबडी जगलीच पाहिजे, असं तिने ठरवलं. दया वगैरे काही नव्हती त्यात. नुसती जिद्द होती, आणि जिद्दीपेक्षाही तिरस्कार जास्त.

तिने सुंदराबाईला हाक मारली. स्टोव्हवर पाण्यात मीठ टाकून ते खळखळून उकळलं आणि कोमट होऊ दिलं. दुसऱ्या भांड्यात शिवणाची बारीक सुई आणि पांढरा दोरा उकळला.

"तू काय करणारेस?" सुंदराबाईने विचारलं.

"शिवणारे."

"कोंबडी?"

"दुसरं येतं काय मला?"

सुंदराबाईने तलंगेला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं आणि टॉवेलाचं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं. अंधार झाल्यावर ती एकदम गप्प झाली. विमलाने जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापली, मिठाच्या पाण्याने आतली माती, भुसा, सगळं धुऊन काढलं. मग सुई हातात घेतली. वीस वर्षं तिने कापड शिवलं होतं, कातडी कधीच नाही. पहिला टाका घालताना सुई कातडीतून आत जाईना, मग गेली, तेव्हा आवाज झाला नव्हता, तरी तिला तो ऐकू आला. ती उठली, मोरीत जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत येऊन बसली.

"राहू दे गं," सुंदराबाई म्हणाली.

"धर नीट. तिला पकडायला सांगितलंय, मला नाही."

धावदोरा घालायचा नाही एवढी अक्कल तिला होती. एक टाका सुटला तर सगळीच शिवण जाईल. म्हणून प्रत्येक टाका वेगळा, गाठ मारून, दोरा कापून. तलंग एकदाच ओरडली. पाच टाके घालून झाल्यावर विमलाने खोबरेल तेलात हळद कालवून वर थापली, आणि मशीनजवळ पडलेल्या परकराच्या तुकड्यांतला एक घेऊन अंगाभोवती पट्टी बांधली. तुकडा लाल पॉपलिनचा होता. मग "आपल्या माणसांत बरं वाटेल" म्हणून तिने तलंगेला खुराड्यात, म्हातारी आणि दुसऱ्या तलंगेबरोबर सोडलं.

हा मूर्खपणा तिचा स्वतःचा. तिने पुढे त्याचा दोष कुणावर ढकलला नाही, हेही सांगायला हवं. सकाळी खुराडं उघडलं तेव्हा लाल पट्टी चिंध्या होऊन पडली होती. तांबडं दिसलं की कोंबड्या टोचतात, मग ते रक्त असो की पॉपलिन. निमूट, कामसू म्हातारीनेच सगळ्यांत जास्त टोचलं होतं, तिच्या चोचीला लाल धागा लागलेला होता. दोन टाके तुटले होते. तलंग कोपऱ्यात डोकं खुपसून उभी होती.

"मेल्ये, तूसुद्धा?" विमला म्हातारीला म्हणाली. तिच्याबद्दल असलेला तेवढा आदरही त्या दिवशी संपला.

आता काय करावं ते तिला कळेना. नाक्यावर एक डॉक्टर बसायचा, माणसांचा, तरुण, नवीनच दवाखाना टाकलेला. तो आपल्याला हसेल आणि हाकलेल, या तयारीनेच विमला तलंगेला पिशवीत घालून गेली. हसला तर काय बोलायचं हे तिने चालता चालता पक्कं केलं होतं. डॉक्टर हसला, पण त्याने पिशवी उघडून बघितलंही.

"टाके कुणी घातले?"

"मी."

"बरे आहेत. मी कोंबडीचा डॉक्टर नाही हां बाई, सांगून ठेवतो." त्याने तुटलेल्या टाक्यांची जागा बघितली. "पुन्हा शिवू नका. पट्टी नको, उघडं राहू द्या. रोज मिठाच्या पाण्याने धुवा आणि हे जांभळं औषध लावा. लाल रंग झाकला जाईल. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. आणि माशा बसू देऊ नका. माशा बसल्या तर किडे पडतील, मग माझ्याकडे आणायचं कारण नाही."

एवढं सांगून त्याने औषधाची छोटी बाटली हातात दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पक्कं केलेलं सगळं बोलणं विमलाच्या तोंडात तसंच राहिलं. घरी येताना तिला उगाच चिडचिडल्यासारखं झालं.

मग तलंगेचा मुक्काम मशीनच्या शेजारी, वेताच्या डालग्याखाली पडला. डालग्यावर विमलाने जुनी मच्छरदाणी टाकली. तलंग आधी काही खाईना, डोळे मिटून फुगून बसायची. विमला बोटाने पाणी चोचीच्या कडेला लावायची, शिळ्या भाताची शितं कुस्करून पुढे ठेवायची, आणि तोंडाने तिला सारखं बोलत राहायची.

"मर. मर एकदाची. माझा अर्धा दिवस गेला तुझ्यापायी. एवढा जीव जायचाच होता तर तेव्हाच जायचा होता, पाच टाके वाचले असते. खा गं बये. खा."

तिने खाल्लं ते विमला मशीन चालवत असताना, तिचं लक्ष नसताना. टकटक आवाज आला म्हणून विमलाने खाली बघितलं तर भाताची वाटी रिकामी होत होती. विमलाने पायडल थांबवलं नाही. फक्त बराच वेळ शिवण वाकडी गेली आणि ती नंतर सगळी उसवावी लागली.

इकडे अंगणात एक मादी कमी झाल्यावर कोंबडे शांत होतील असं कुणाला वाटलं असेल तर तो गैरसमज होता. उलट दुसऱ्या तलंगेची पिसं जायला लागली, आणि सरदारने आपलं राज्य वाढवून चाळीच्या पहिल्या खोलीपर्यंत नेलं.

पहिल्या खोलीत नंदकुमार तोरसकर राहायचा. तो बँकेत शिपाई होता, पण चाळीच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष असल्यामुळे बोलताना घसा साफ करायचा. मंडळाने भिंतीला एक फळी ठोकून वर्तमानपत्र ठेवायची सोय केली होती आणि तिचं नाव वाचनालय ठेवलं होतं. त्याच्या उद्घाटनाला तोरसकर पांढरा सफारी घालून उभा राहिला. "बंधूंनो आणि भगिनींनो, ज्ञानाचा दिवा" इथपर्यंत भाषण आलं आणि मागून सरदारने झेप घेतली. सफारीची विजार गुडघ्याखाली फाटली. अध्यक्ष वाचनालयाला लटकला, फळी निखळली आणि ज्ञान गटारात गेलं. बायका हसल्या, त्यात विमलाही होती. गुणाजी घरात पळून गेला होता.

संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा भरली. सभेला पुरुषच असायचे. बायकांना बंदी नव्हती, फक्त त्यांना सांगितलं जायचं नाही. सुंदराबाईने बातमी आणली.

"अगं, ठराव करतायत. चाळीत कोंबड्या ठेवायच्या नाहीत म्हणून. सगळ्या कोंबड्या आठ दिवसांत काढायच्या."

"कोंबड्या?"

"कोंबड्या. सही पण घेतायत सगळ्यांची. तुझ्या नवऱ्याने केली."

विमलाने कात्री खाली ठेवली. सूप न घेताच ती अंगणात गेली. सरदार मान पसरून, पंख तिरपा करून तिच्यावर चालून आला. आजवर ती अशा वेळी मागे सरकायची, आणि मागे सरकलं की तो उडी मारायचा. त्या दिवशी रागाच्या भरात ती मागे सरकायचं विसरली. सरळ त्याच्या अंगावर गेली. सरदार गोंधळला, थांबला, आणि तेवढ्यात तिने वरून दोन्ही पंख दाबून त्याला उचललं, काखेत घट्ट धरलं आणि हाताने त्याची मान खाली वाकवली. दोन झटके देऊन तो गप्प झाला. एवढं सोपं होतं हे. इतके महिने आपण सूप घेऊन नाचत होतो याची तिला मनस्वी चीड आली.

तशीच ती सभेत गेली. अध्यक्ष खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, आणि सगळ्यांत मागे दाराआड गुणाजी. काखेतला कोंबडा बघून सतरंजी थोडी मागे सरकली.

"ठराव वाचा," विमला म्हणाली.

तोरसकरने घसा साफ केला. "चाळीच्या आवारात कोंबड्या पाळण्यास यापुढे—"

"कोंबडी चावली तुम्हाला?"

"शब्दाचा प्रश्न नाही, वहिनी."

"शब्दाचाच आहे. तुमची विजार फाडली याने. पोस्टमनला पळवलं याने. माझ्याकडे एक तलंग याच्यामुळे शिवून पडलीय. आणि जायचं कुणी? कोंबड्यांनी! मेल्यांनो, लिहिताना हात तरी अडखळला काय रे तुमचा?"

"मग तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं काही नाही. याची वाट मी लावते. वाचनालयाची तुम्ही लावलीतच."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सभेला काही अर्थ उरला नाही. ठरावाचा कागद तोरसकरने घडी करून खिशात ठेवला, तो त्याने पुन्हा काढल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी विमलाने कोयता धुऊन गुणाजीच्या पुढे ठेवला. घाड्यांच्या घरात कोंबडा पुरुषानेच कापायचा, असा रिवाज होता. गुणाजीने कोयत्याकडे बघितलं, सरदारकडे बघितलं.

"माका चक्कर येता," तो म्हणाला.

"तलंगेच्या वेळी येय नव्हती?"

"तो सरदार आसा गो."

त्याच्या आवाजात असं काही होतं की विमला पुढचं बोलता बोलता थांबली. गिरणी बंद पडल्यापासून या माणसाने ज्याच्याकडे अभिमानाने बघावं असं दुसरं काही त्याला मिळालं नव्हतं, बायको तर नव्हतीच. हे तिला दिसलं. पण मग तिला त्या तलंगेची लोंबणारी कातडी आठवली आणि मागून त्याचा मसाला वाटायचा हुकूम आठवला.

"तर मग आत जावन् बसा," ती म्हणाली, आणि रिवाज मोडला.

कप्तानला मात्र तिने जीवदान दिलं. सुंदराबाईचा भाऊ अंबादास मुलुंडला राहायचा, त्याच्याकडे पुष्कळ कोंबड्या होत्या आणि कोंबडा एकही नव्हता. "तिथे याला एवढं काम पडेल की भांडायला फुरसत मिळायची नाही," असं सांगून तिने कप्तानचे पाय बांधून त्याला रवाना केलं.

सरदारचा रस्सा चाळभर दरवळला. जखमी अध्यक्षाला जेवायला बोलवावं ही सूचना गुणाजीची. स्वतः मात्र तो सकाळपासून भिंतीकडे तोंड करून झोपला होता, मी घासही घेणार नाही म्हणून. तोरसकर आला, दुसऱ्या विजारीत. पहिला वडा रश्शात बुडवून तोंडात घातल्यावर तो म्हणाला, "वहिनी, काही म्हणा, जनावर दणकट होतं हां." मग त्याने आणि भिंतीकडे तोंड केलेल्या गुणाजीने मिळून सरदारच्या स्वभावाबद्दल, जातीबद्दल, चालीबद्दल बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता गुणाजी भिंतीकडून इकडे वळला, पाटावर सरकला, आणि त्याने तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा विमलाने वाढताना एकदाच विचारलं, "डोळ्यातून पाणी कित्याक?"

"तिखट झाला."

उरला तिसरा, वाकड्या तुऱ्याचा. आजवर तो बिचारा कोपऱ्यात असायचा, दाणा सापडला तर माद्यांना बोलावून आधी त्यांना खाऊ द्यायचा. विमलाला तो बरा वाटला होता. अंगण एकट्याच्या मालकीचं झाल्यावर आठवडाभरात तोही मान पसरून तिच्या पायावर धावून आला.

"तुका पण खुर्ची मिळाली काय?" ती म्हणाली. या वेळी तिला आश्चर्य वाटलं नाही. तिने त्याला उचलला, काखेत दाबला आणि तसाच नळावर घेऊन गेली. रांगेत उभी राहिली, बायकांशी गप्पा मारल्या, हंडा भरेस्तोवर त्याची मान वाकवून धरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बायकांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. काही दिवसांनी तो विमला दिसली की वाट सोडून बाजूला व्हायला लागला, आणि सूप पुन्हा तांदूळ पाखडायच्या कामाला लागलं.

तलंगेची जखम भरायला महिना गेला. टाक्यांचे दोरे विमलाने चष्मा लावून एकेक कापून ओढले. तुटलेल्या टाक्यांच्या जागी कातडी आक्रसून राहिली आणि तिथली पिसं उलटी उगवली, जांभळी झाक घेऊन. एकदम बाकीच्यांत सोडण्याची चूक विमलाने पुन्हा केली नाही. डालगंच उचलून अंगणात ठेवलं, म्हणजे सगळ्यांनी तिला बघावं पण टोचू नये. मग एका सकाळी डालगं काढलं. म्हातारी जुन्या सवयीने टोचायला आली. तलंगेने तिच्या डोक्यावर अशी चोच मारली की म्हातारी ओरडत खुराड्यात शिरली. त्यानंतर दाणे टाकले की आधी तलंग खायची, मग बाकीच्या.

"झाली ना दादा," सुंदराबाई म्हणाली. "एवढं करून हेच?"

"मग? आरती ओवाळेल असं वाटलं होतं काय तुला?" विमला म्हणाली. पण त्या दिवशी तिने मूठभर दाणे जास्त टाकले.

दिवाळीत अनुपमा जावयाला घेऊन आली. जावई शहरी, कांदिवलीचा, अंगणातली उलट्या पिसांची कोंबडी बघून त्याने विचारलं हिला काय झालं. विमला आत करंज्या तळत होती. बाहेर दगडावरून गुणाजीचा आवाज आला, बराच मोठा.

"अहो, ही तर मेलेलीच. कुशीची कातडी अशी लोंबत होती. सगळे म्हणाले, कापा. मी म्हटलं, नाय. मुकं जनावर. पाणी उकळवलं, सुई घेतली, बसलो शिवायला. नऊ टाके. हात हलू दिला नाय."

"बाबा, तुम्ही?" अनुपमा म्हणाली.

"मग कोण?"

अनुपमा उठून आत आली. विमला झाऱ्याने करंजी उलटत होती. सुंदराबाई शेजारी बसून कडा कातरत होती, ती तोंडात पदर कोंबून गदगदत होती.

"आई, बाबा काय सांगतायत? खरं आहे?"

"पाच," विमला म्हणाली.

"काय पाच?"

"टाके पाच होते. त्यांना जाऊन सांग, खोटं बोलायचं तर आकडा तरी विचारून जा. आणि ही बशी ने बाहेर. करंज्या गार झाल्या की ते गरम मागायला आत येतील."